भिंगरीची उपकारस्तुती

तिला सगळे भिंगरी म्हणत. नाव नवऱ्यानंच पाडलेलं, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात. कारण ही बाई चहासुद्धा उभ्यानं प्यायची, आणि कप अर्धा असतानाच तिला पलीकडच्या खोलीत काहीतरी आवरायचं आठवायचं. पुढे ते नाव तिच्या दुकानात पोचलं, चर्चमध्ये पोचलं, आणि एकदा तर पाळकसाहेब भर उपदेशात ‘आपल्या भिंगरीबाई’ असं बोलून गेले. मंडळी हसली. ती हसली नाही, कारण ती तेव्हा मागच्या खिडकीची कडी लावायला उठली होती.

ती पडदे शिवायची. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, दुकानाच्या मागच्या खोलीत मशीनवर बसून शिवायचे, आणि मग शिडीवर चढून स्वतःच्या हातानं टांगायचे. यातलं मधलं काम तिला जड जाई, कारण ते बसून करायचं. तरी चुण्या तिनंच घालाव्यात असा दुकानाच्या मालकीणबाईंचा हट्ट असे. मशीन चालू असताना तिचा दुसरा पाय खाली ताल धरून हलत राही, आणि शेजारच्या मशीनवरच्या बायका म्हणत, हिला दोन मशीन द्या, एक पाय फुकट जातोय.

नवरा अगदी उलटा. लिफ्ट दुरुस्त करायचा. बिघडलेल्या लिफ्टजवळ कान लावून निवांत उभा राहील, पण घाई म्हणून करणार नाही. ते राहत त्या इमारतीला मात्र लिफ्ट नव्हती आणि घर तिसऱ्या मजल्यावर. येणारा प्रत्येक जण धापा टाकत यावर तोच विनोद करी, आणि तो प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवी. दुसऱ्या मजल्यावर त्याची थोरली बहीण एकटी राहायची. भिंगरी तिला वन्सं म्हणे. वन्संना कुणाचंच काही पटत नसे, पण या दोघांच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असायची आणि दोघांना उशीर झाला तर दूध त्याच तापवून ठेवायच्या.

दर बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थनासभा भरायची. तिच्यात थोडा वेळ उपकारस्तुतीसाठी राखलेला असे. ज्याला वाटेल त्यानं उठायचं आणि आठवड्यात देवानं काय दिलं ते सांगून त्याचे आभार मानायचे. पहिली उठायची ती भिंगरी. तिला तसंही बसवत नव्हतं. पण तिची उपकारस्तुती ऐकायला लोक थांबत. इतर जण आरोग्य, कुटुंब, कृपा असं मोठं मोठं बोलत. ही म्हणायची, या आठवड्यात एका घरात चारही कोपरे सरळ असलेली खिडकी मिळाली, देवाचे आभार. किंवा, जाड कापडावर सुई मोडता मोडता राहिली. सवय आईनं लावलेली. ज्या दिवशी मनात नसेल त्या दिवशी तर आधी मान, असं आई सांगायची, आणि भिंगरीनं ते कधी फारसं तपासून पाहिलं नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती.

मग एका दुपारी नवरा लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करत असताना काहीतरी सटकलं आणि तो खाली कोसळला. चूक कुणाची, ते शेवटपर्यंत नक्की ठरलं नाही. दुकानात फोन आला तेव्हा तिच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या एकेक करून काढून टाचण्यांच्या गादीत खोचल्या आणि मग तिनं फोन कानाला लावला.

ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “जीव वाचलाय. मणक्याला मार आहे. पायांचं आत्ता काही सांगता येणार नाही. येतील, थोडे येतील, कदाचित नाही येणार. वाट बघावी लागेल.”

वाट बघणं हे तर तिला जन्मात जमलं नव्हतं. ती वॉर्डाबाहेरच्या लांब व्हरांड्यात येरझारा घालू लागली. पाण्याच्या टाकीपासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून टाकीपर्यंत. जाता-येता खिडक्यांची मापं नजरेनं घेत राही आणि ती घेतेय हे कळलं की स्वतःवरच चिडे. शेवटी नर्स म्हणाली, “बाई, जरा बसा. तुमच्याकडे बघून आमचे पेशंट दमायला लागलेत.” ती बसली, आणि नर्स वळताच उठली.

पहिल्याच बुधवारी ती सभेला गेली. वन्संना दवाखान्यात बसवून गेली. उपकारस्तुतीची वेळ झाली तसं सगळं चर्च तिच्याकडे बघू लागलं. ती उठली आणि तिनं देवाचे आभार मानले. नवऱ्याचा जीव राहिला त्याचे, हात धड राहिले त्याचे, डोकं शाबूत राहिलं त्याचे. या संकटातही देवाचा हात होता असं ती म्हणाली. शब्द सुरेख आले. लोकांनी डोळे पुसले. ती खाली बसली तेव्हा तिला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं घरापर्यंतसुद्धा टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चमधले एक गृहस्थ फळं घेऊन भेटायला आले आणि नवऱ्याच्या पलंगाशी बसून म्हणाले, “वहिनींनी काल काय साक्ष दिली. दगडाला पाझर फुटावा अशी. तुमच्या या दुखण्याबद्दलसुद्धा त्यांनी प्रभूचे आभार मानले.”

ते गेल्यावर भिंगरी चादर सारखी करू लागली. नवरा म्हणाला, “चादर ठीक आहे. थांब जरा.”

ती थांबली.

“माझ्या पाठीचे आभार मानलेस म्हणे.”

“पाठीचे नाही हो. जिवाचे.”

“जीव माझा आहे. मला विचारलं होतंस?”

“असं काय बोलता. आभार मानायला विचारायचं असतं का?”

“पडलो मी. खाली अंधारात पडून वरचा उजेड बघत होतो तो मी. त्याचे आभार मानायचे की नाही ते मी ठरवीन. तुला मानायचे तर तुझ्या वतीनं मान. माझ्या वतीनं नको.”

तो रागानं बोलला नव्हता. रागानं बोलला असता तर तिनं ऐकून सोडून दिलं असतं. तिनं पुन्हा चादर ओढली आणि बाहेर व्हरांड्यात निघून गेली.

काही आठवड्यांनी त्याला घरी आणलं. त्याच्या कामावरच्या माणसांनी स्ट्रेचर उचलून तीन मजले चढवलं. वाटेत एकानं सवयीनं विनोद सुरू केला आणि अर्ध्यावर गिळला. नवराच म्हणाला, “बोल की. जन्मभर लोकांना वर चढवलं, आज माझी पाळी.” पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी लावला. चाकांची खुर्ची न्हाणीघराच्या दारातून जात नव्हती, म्हणून दाराची चौकट काढून तिथं भिंगरीनं जाड पडदा लावला. वन्सं सकाळपासून वर असत, सूप करत, त्यात मीठ जास्त घालत आणि भावाला ओरडत. फिजिओथेरपीची बाई एक दिवसाआड येऊन त्याचे पाय उचलून वाकवून सरळ करी. पाय तिच्या हातात तसेच राहत, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

जेवणाआधीची प्रार्थना घरात नेहमी भिंगरीच करायची. आता ती त्याच्या सांगण्याप्रमाणे करू लागली, आपल्या वतीनं. आणि तिथंच सगळं अडलं. तिच्या वतीनं नक्की कुठं सुरू होतं आणि त्याच्या वतीनं कुठं संपतं, हे तिला कळेना. इतकी वर्षं दोघांचं एकाच कापडातून बेतलेलं. त्याचं काढून ठेवलं तर तिच्या हातात आभार मानण्यासारखं काय उरत होतं? माझे पाय चालतात म्हणून आभार? ते त्या खोलीत, त्या पलंगाजवळ, तोंडातून निघेना. ती शब्द म्हणायची, पण कार्यालयातली नोटीस वाचून दाखवावी तसे. नवरा डोळे उघडे ठेवून छताकडे बघत राही. आमेन म्हणत नसे.

मग तिला घरात राहवेना. दुकानात एकाची दोन कामं अंगावर घेऊ लागली. कुणाच्या घरी पडदे टांगायला गेली की उगीच रेंगाळायची. दांडी पुन्हा पुन्हा सरळ करायची, झालेल्या चुण्या उसवून परत घालायची. मालकीणबाई म्हणाल्या, “अगं, गिऱ्हाईक विचारतंय, तुमच्या बाई राहायलाच आल्यात का?” तिथून निघाली की पाय भराभर घराकडे, कारण तो एकटा असेल का, वन्सं असतील ना, पडला तर नसेल ना. आणि घरी पोचून दोन कामं झाली की पाय पुन्हा दाराकडे. रस्त्यात असली की घरचं मन, घरात असली की रस्त्याचं.

बुधवारी ती जायची, पण मागच्या बाकावर, दाराशी. एकदा उपकारस्तुतीला सवयीनं उभी राहिली. सगळे मान वळवून बघू लागले. “या आठवड्यात,” ती म्हणाली, आणि पुढे काही येईना. “सगळ्याबद्दलच,” असं काहीतरी पुटपुटून खाली बसली. त्यानंतर ती वेळ आली की उठून बाहेर जायची आणि चर्चच्या भोवतीच्या फरशीवर गोल गोल चालत राहायची. आतून लोकांच्या आभारांचे आवाज यायचे आणि तिला त्यांचा राग यायचा. कुणाची तरी सर्दी बरी झाली होती.

एका बुधवारी पाळकसाहेब गीत सुरू करून देऊन तिच्या मागोमाग बाहेर आले. अंगानं स्थूल माणूस. ती थांबेना, म्हणून तेही बरोबर चालू लागले.

“बाई, संकटातच आपल्या आभारांची कसोटी...” ते धापा टाकत म्हणाले.

“हे तुम्ही घरी येऊन त्यांना सांगा,” ती म्हणाली. “त्यांच्या पलंगापाशी उभं राहून.”

दोघं एक कोपरा वळले, दुसरा वळले. मग ती म्हणाली, “एक सांगा. मनात नसताना आभार मानले तर देवाला कळतं का?”

“कळत असणार.”

“मग मानायचे का नाही?”

“मला नाही सांगता येत,” पाळकसाहेब म्हणाले. “आमचे वडील आजारी होते त्या वर्षी मी दर रविवारी व्यासपीठावरून आभार मानायचो. घरी गेल्यावर देवाशी एक शब्द बोलत नव्हतो. मग एक दिवस त्याच्याशी भांडलो. अगदी वाट्टेल ते बोललो.”

“उत्तर दिलं त्यानं?”

“नाही. पण माझं बोलणं सुरू झालं. आता थांबा हो जरा, माझा श्वास लागलाय.”

ती थांबली. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि तिनं, तिच्यानं राहवलं नाही म्हणून, त्यांच्या खांद्यावरची चुन्याची पूड झटकली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती एका उंच छताच्या घरात पडदे टांगत होती. शिडीच्या वरच्या पायरीवर होती. दांडीची कडी बसवताना सहज खाली नजर गेली आणि एकदम तिला तो दिसला, पडताना. आजवर तिनं त्याला पडताना मनातसुद्धा पाहिलं नव्हतं. फोन पाहिला होता, दवाखाना पाहिला होता, पलंग पाहिला होता. मधलं ते पडणं पाहिलं नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी दांडी पकडली. शिडी हलू लागली. घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी धावत येऊन शिडी धरली आणि “सावकाश, बाळा, एकेक पाय,” असं म्हणत तिला खाली घेतलं. पडदा अर्धा लटकत सोडून ती घरी निघाली. तिनं अर्धवट सोडलेलं ते पहिलं काम.

दार उघडून आत आली तर पलंग रिकामा. तो पलंग आणि खिडकी यांच्या मधल्या पट्टीत जमिनीवर पडला होता, एक हात पलंगाच्या पायाशी. वन्सं औषधं आणायला गेल्या होत्या आणि तेवढ्यात त्यानं एकट्यानं उभं राहून बघायचं ठरवलं होतं.

“लागलं का?”

“नाही.”

“डोक्याला?”

“नाही म्हटलं ना.”

तिनं काखेत हात घालून उचलायचा प्रयत्न केला. तो हलेना. पुन्हा केला. त्याचे पाय जड, सैल, वाटेत येणारे. शेजारी कुणी नव्हतं, वन्सं यायच्या होत्या. तो म्हणाला, “राहू दे. ताई आली की दोघी मिळून उचला.” मग थोड्या वेळानं, भिंतीकडे बघत, “भूक लागलीय.”

तिनं सूप गरम केलं, पाव घेतला, आणि करायला दुसरं काहीच नव्हतं म्हणून त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. पलंग एका बाजूला, भिंत दुसऱ्या बाजूला. त्या फटीतून उठून कुठं जायलाही जागा नव्हती. त्याची मान तिनं आपल्या मांडीवर घेतली, चमचा हातात धरला, आणि सवयीनं डोळे मिटले.

“प्रभू,” ती म्हणाली, “हे सूप आहे, त्याचे आभार. वन्संनी केलंय आणि मीठ जास्त असणार, तरी आभार. यांचं डोकं पलंगावर आपटलं नाही, त्याचे आभार.” इथं ती थांबली. नेहमीचे शब्द पुढे तयार होते. ते तिनं घेतले नाहीत. “पण यांच्या पायांचे मी मानणार नाही. हे पडले त्याचे मानणार नाही. त्यात तुझा काही हेतू असेल तर तू मला सांगितलेला नाहीस, आणि सांगितलास तरी मला तो आवडेल असं वाटत नाही. मी मागे चर्चमध्ये काहीबाही बोलले, तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. मी तुझ्यावर रागावलेय. रोज रागावते. तरी तुझ्याशीच बोलतेय, कारण दुसरं कुणाशी बोलू. हे जेवण आशीर्वादित कर. येशूच्या नावानं.”

आमेन तिच्या तोंडून येईना. याला प्रार्थना म्हणायचं की नाही, हेच तिला समजत नव्हतं.

“आमेन,” मांडीवरून तो म्हणाला.

तिनं डोळे उघडले. अपघातानंतर त्यानं हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला होता. त्यानं एक चमचा घेतला, गिळला आणि म्हणाला, “मीठ खरंच जास्त आहे.”

वन्सं आल्या तेव्हा दोघं तसेच जमिनीवर होते आणि वाटी रिकामी होती. “हे काय सहलीला बसलात का,” त्या म्हणाल्या, आणि मग रडू लागल्या, आणि रडता रडता एकट्यानं उभं राहायला गेल्याबद्दल भावाला ओरडल्या.

त्या दिवसापासून जेवणाआधीची प्रार्थना लांबली. आधी ज्याचे आभार मानायचे नाहीत ते सांगायचं, मग ज्याचे मानायचे ते. पहिल्या भागात नवरा फार तरबेज निघाला. पायातल्या मुंग्या, उताणं झोपणं, दुपार, भेटायला येणाऱ्यांची फळं. सगळं तो देवापुढे न चुकता मांडायचा. वन्संना हे पाखंड वाटे. पण काही दिवसांनी त्यांनीही हळूच आपला गुडघा त्या यादीत घातला. दुसऱ्या भागाला तो गप्प बसे. “तुझं चालू दे,” म्हणे. तिलाही दुसरा भाग सोपा जात नव्हता, पण आता निदान खोटं बोलल्यासारखं वाटत नव्हतं. जे मानायचं नाही ते बाजूला काढून ठेवल्यावर उरलेलं दिसायला लागलं होतं. थोडंच होतं, पण होतं. नर्सनं शिकवलेली कूस बदलायची पद्धत. डाव्या पायाच्या अंगठ्याला फिजिओच्या बाईनं टाचणी टोचली तेव्हा तो ओरडला, ते ओरडणं. त्या दिवशी घरातल्या तिघांनीही ते ओरडणं दोन-तीनदा करून दाखवलं.

डावा पाय बराचसा आला. उजवा आला नाही. लिफ्टच्या कामावर परत जाणं आता नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यानं दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. मग एका सकाळी तिनं घरी आणलेल्या पडद्यांपैकी एक त्यानं ओढून घेतला आणि हुक शिवायला बसला. हात मेकॅनिकचे, नेमके. फक्त दोरा ओवताना तो अशा काही शिव्या हासडायचा की वन्सं उठून खाली जात. कामात घाई नाही, म्हणून वेळ लागे. ती त्याच्या डोक्यावर उभी राहून, झालं का, झालं का, विचारी आणि तो म्हणे, “सावली सोड. दिसत नाही.”

चालायच्या चौकटीला, वॉकरला धरून तो घरातल्या घरात फिरू लागला तेव्हा एका बुधवारी म्हणाला, “मला सभेला यायचंय.”

चर्चमधले चार जण आले. खुर्चीत बसवून त्याला तीन मजले खाली उतरवलं. “बायबलातल्या त्या पांगळ्याला आत सोडला तसं छप्पर काढायचं नाही हं,” त्यानं बजावलं, “दारानंच न्या.” त्याला मधल्या वाटेच्या कडेला बसवलं, वन्सं मागच्या बाकावर बसल्या. भिंगरी शेजारी बसली, उठली, चौकट भिंतीशी नीट लावून आली, बसली. उपकारस्तुतीची वेळ झाली. पाळकसाहेब थांबले. आणि नवऱ्यानं चौकटीकडे हात केला.

तो उभा राहणार होता, एवढ्या लोकांपुढे. तो पडला तर ते तिला बघवणार नव्हतं, आणि तो काही बोलला तर तेही ऐकवणार नव्हतं. तिनं चौकट त्याच्या हातात दिली आणि ती सरळ दाराबाहेर पडली.

तो उभा राहिला. सावकाश, पण राहिला.

“मी पडलो, त्याचे आभार मी मानत नाही,” तो म्हणाला. “माझ्या वतीनं कुणी मानले असतील तर त्यांनी ते परत घ्यावेत.” बाकांवर चुळबुळ झाली. “आता मानायचं ते. आमच्या घरी एक बाई आहे. माझ्यावर रागावून, देवावर रागावून ती रोज तीन मजले उतरते आणि रोज परत चढून येते. परत न येणं किती सोपं आहे, ते मला पलंगावरून स्पष्ट दिसत होतं. ती येत राहिली. तिच्याबद्दल, प्रभू, तुझी उपकारस्तुती. आमेन.”

बाहेर भिंगरी फरशीवर तिसरी फेरी घालत होती.

सभा सुटली. लोक डोळे पुसत बाहेर आले आणि तिचे हात हातात घेऊ लागले. एक बाई म्हणाली, त्यांनी तुमच्या जिन्याबद्दल फार सुंदर सांगितलं. एक गृहस्थ म्हणाले, जरा कडक बोलले, पण मनापासून. वन्सं नाक शिंकरत म्हणाल्या, “मला काय विचारतेस. त्याला विचार.”

घरी चढवताना चार माणसं होती, म्हणून ती गप्प राहिली. दार लागताच म्हणाली, “काय बोललात तुम्ही?”

“होतीस कुठं?”

“बाहेर. काय बोललात?”

“एकदा बोललो. आता नाही.”

“अहो, माझ्याबद्दल होतं ना?”

“पुढच्या बुधवारी आत बसून राहा. मग कळेल.”

पुढच्या बुधवारी ती आत बसली. दुसऱ्या बाकावर, दोन्ही हातांनी बाकाची कड धरून. गीतं झाली, वाचन झालं, एक पाय खाली सारखा हलत होता. उपकारस्तुतीची वेळ आली. पाळकसाहेबांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं मान हलवली. म्हणाला, “माझं आज काही नाही.”

जिन्यात ती दुसऱ्या मजल्यापर्यंत त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या मजल्यावर म्हणाली, “मुद्दाम करता तुम्ही हे.” तो म्हणाला, “मनात नसताना कसं बोलू. तूच शिकवलंस.”

तरी ती त्याच्या पुढच्या बुधवारीही आत बसली. त्या दिवशी मध्येच तिच्यानं राहवेना. ती उठली, आणि अपघातानंतरची पहिली खरी उपकारस्तुती तिनं केली, अडखळत, अर्ध्या तक्रारी आणि अर्धे आभार. नवऱ्याच्या उजव्या पायाबद्दल तिनं देवाला चार गोष्टी सुनावल्या आणि डाव्या पायाबद्दल आभार मानले. मंडळीला कुठं हसावं आणि कुठं मान खाली घालावी ते समजेना. पाळकसाहेबांनी तिला मध्ये थांबवलं नाही. शेवटी आमेन पहिलं आलं ते तिच्या शेजारच्या खुर्चीतून.